तीन पाकिटं उघडण्याआधी : शाळांच्या खरेदी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या माध्यमिक शाळांच्या खरेदी समित्यांचे सर्व सदस्य
(अध्यक्ष, मुख्याध्यापक, शिक्षक प्रतिनिधी आणि फक्त सहीपुरते बोलावले जाणारे बाकी सगळे)

विषय : संगणक कक्षातले जुने संगणक निर्लेखित करून नवे घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

यंदा हा विषय आपल्याही पटलावर आला असेल, म्हणून लिहितोय. आमच्याकडे तो आला तेव्हा चहा होऊन गेला होता आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर तीन पाकिटं ठेवलेली होती. तीन दुकानांची तीन दरपत्रकं. लेटरहेड वेगळी, शिक्के वेगळे, आणि तिन्हींत 'प्रोसेसर' हा शब्द 'प्रोससेर' असा छापलेला. कोणी काही बोललं नाही. खरेदी समितीत चार वर्षं काढलेल्या माणसाला त्यातलं काय ते समजतं. सगळ्यांत कमी दर एका संगणकाला ४५ हजार, म्हणजे बारा संगणकांचे ५ लाख ४० हजार. सोबत ठरावाचा मसुदाही टाइप करून तयार : "सदर संगणक कालबाह्य झाल्याने निर्लेखित करण्यात यावेत."

मी 'कालबाह्य' या शब्दाला अडलो. मी मूळचा विज्ञानाचा शिक्षक. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा ज्याला माउस धरता येतो तो संगणक शिक्षक, या न्यायानं ते खातं माझ्याकडे आलं आणि राहिलं. या बारा मशीनची धूळ मीच पुसतो, पावसाळ्यात त्यांच्यावर प्लास्टिक मीच टाकतो. त्यामुळे त्यांच्यात काय बिघडलंय हे मला ठाऊक आहे. दोन कीबोर्डांची स्पेसबार अडकते, एका मॉनिटरला उभी हिरवी रेघ आहे, एका मशीनचा पंखा कण्हतो, एवढंच. मग कालबाह्य काय झालं?

झालं असं की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला (आमचे संगणक ज्या प्रणालीवर चालतात ती) मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी आमचे बाराही संगणक नेहमीसारखे सुरू झाले. पण यापुढे त्यात एखादं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कंपनी बांधील नाही, आणि विंडोज ११ आमच्या मशीनवर रीतसर चढत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमचे आय-थ्री प्रोसेसर तिसऱ्या पिढीतले. म्हणजे मशीन धडधाकट, पण ज्या कंपनीची प्रणाली त्यात आहे तिनं हात वर केले. तेवढ्यावरून मशीन भंगारात काढायचं हा निष्कर्ष दुकानदाराचा आहे. आपला असायचं कारण नाही.

दुकानदारानं एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगतो, नाहीतर मीही त्याच्याच पंक्तीला बसलो असं होईल. शाळांसाठी मायक्रोसॉफ्टची सवलत आहे. दुरुस्त्या पुढे चालू हव्या असतील तर पहिल्या वर्षी मशीनमागे एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. तीन वर्षं ढकलता येतात. पण त्यासाठी मुळात मशीनवरची विंडोज रीतसर विकत घेतलेली असावी लागते.

आणि इथं माझी मान खाली जाते. आमच्या बारांपैकी नऊ मशीनवर विंडोज मी स्वतः टाकली आहे. पेनड्राइव्हवरून. क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकटची प्रत. ऑफिसही तसंच. ग्रँट नव्हती, तास घ्यायचे होते, आणि सगळेच करतात. गेल्या वर्षी काही मशीनवर तो क्रॅक उतरला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं दिसायला लागली : 'ॲक्टिव्हेट विंडोज'. आठवीतली एक मुलगी ती अक्षरं वाचत बसली. "सर, हे काय लिहिलंय?" मी म्हटलं, काही नाही, तू तुझं टेबल बनव. दुसऱ्या दिवशी ती शब्दकोशात बघून आली. "सर, म्हणजे आपण पैसे दिले नाहीत का?" त्याच आठवड्यात मी त्या वर्गाला सायबर सुरक्षेचा पाठ शिकवत होतो, फळ्यावर 'अनधिकृत सॉफ्टवेअर वापरू नये' असं लिहिलेलं होतं, अक्षर माझंच. मी तिला "बघतो" म्हटलं. शिक्षकाच्या तोंडी यापेक्षा केविलवाणा शब्द नसेल.

कोणी म्हणेल, शाळेला कोण पकडायला येतंय. येत नसेलही. पण समितीच्या माहितीसाठी : कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. संगणकाच्या प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकतं, इतकीच सोय.

गंमत अशी की या क्षेत्रातलं सगळ्यांत गाजलेलं खुलं पत्र याच विषयावर आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये विशीतल्या बिल गेट्सनं संगणकाच्या हौशी मंडळींना लिहिलं होतं की आम्ही राबून केलेलं बेसिक (प्रोग्राम लिहायची भाषा) तुम्ही फुकट कॉपी करून वाटता, ही चोरी आहे. मला ते पत्र पटतं. ज्यानं काम केलं त्यानं दाम मागितला, त्यात गैर काय? पण त्याच गेट्सनं १९९८ मध्ये चीनमधल्या चोरीच्या प्रतींबद्दल बोलताना वेगळाच सूर लावला. चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, सवय लागेल, पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दहा वर्षांत बघू, अशा अर्थाचं ते बोलून गेले. चीनच्या जागी आमचा तालुका घातला तरी वाक्यात काही बदल करावा लागत नाही. माझा पेनड्राइव्ह त्या कंपनीचं नुकसान करत नव्हता, तिची नांगरणी करत होता.

नांगरणी किती खोल गेली आहे बघा. एमएस-सीआयटीतला 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. आमच्या पालकसभेत विचारलं तर निम्म्या पालकांनी 'मायक्रोसॉफ्ट' सांगितलं. त्यांना दोष कसा द्यायचा? कोर्स करून आलेलं पोर घरी वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट एवढंच सांगतं. आपण मुलांना तक्ता करायला शिकवत नाही, एक्सेल शिकवतो. एका कंपनीची बटणं कुठं आहेत ते पाठ करून घेतो, आणि तीच कंपनी २००७ साली सगळी बटणं उचलून दुसरीकडे लावते. मला आठवतंय, तेव्हा आम्ही शिक्षकच महिनाभर 'फाइल' मेनू शोधत होतो.

यातून बाहेर पडता येतं का, ते बघायला आता केरळकडे जाऊ. तिथल्या शाळांतही सुरुवात विंडोजनंच झाली होती. २००१-०२ च्या सुमारास 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला, पुस्तकं एकाच कंपनीच्या प्रणालीला धरून निघाली, आणि विरोध केला तो शिक्षकांच्या संघटनेनं. शिक्षकांनी! पगारवाढ आणि बदल्या सोडून 'मुलांना कोणती प्रणाली शिकवायची' यावर भांडणारी शिक्षक संघटना मी तरी आपल्याकडे पाहिलेली नाही, आणि मी स्वतः एका संघटनेची वर्गणी भरतो. सरकार हळूहळू वळलं, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली, आणि २००८ पासून दहावीची आयटी परीक्षा फक्त मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता, वाटता येईल अशा सॉफ्टवेअरवर, व्हायला लागली. परीक्षा वळली की क्लासेस वळतात, पुस्तकं वळतात, दुकानदारही वळतो. आज त्या प्रकल्पाचं नाव काइट आहे आणि शाळांसाठी ते लिनक्सची (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) स्वतःची आवृत्ती काढतात, मल्याळम टंकलेखन, फॉन्ट, शाळेला लागणारी सगळी साधनं आत भरून.

२०१९ साली काइटनं हिशेब मांडला होता की २ लाख संगणकांवर मिळून ३,००० कोटी वाचतील, म्हणजे मशीनमागे दीड लाख. मला हा आकडा फुगलेला वाटतो. छापील किमती धरल्या की असं होतं, शाळांना सवलतीत कितीतरी स्वस्त मिळालं असतं. चला, दहावा हिस्सा धरा. ३०० कोटी. आपल्या समितीत छताच्या पत्र्यांसाठी किती वेळ चर्चा होते ते आठवा.

पण फक्त पैशावर बोललो तर अर्धंच सांगितलं. मागे एका कार्यालयातून आम्हाला एक पत्रक ईमेलनं आलं. उघडलं तर सगळी उलटीसुलटी चिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. ज्या जुन्या फॉन्टात ते टाइप केलं होतं तो आमच्याकडे नव्हता. शेवटी फोन करून मजकूर वाचून घेतला, मी कागदावर लिहिला, लिपिकानं परत टाइप केला. मराठीतला लिहिलेला मजकूर मराठी माणसाला वाचता येऊ नये, का? तर अक्षरांची किल्ली कोणा तिसऱ्याच्या खिशात. युनिकोडमुळे (सगळ्या संगणकांवर अक्षरांची एकच ठरलेली सांकेतिक पद्धत) हे बरंच कमी झालं, पण जुन्या फायलींचे गठ्ठे अजून तसेच आहेत. दाखल्यांचे नमुने, जुन्या निकालपत्रकांच्या फायली.

याच्या उलटही उदाहरण आहे, आणि ते आपलंच आहे. राज्य मराठी विकास संस्थेनं 'यशोमुद्रा' नावाचा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यानं काढला. कोणीही वापरा, बदला, पुढे द्या. परवाना खुला होता म्हणूनच आयआयटी मुंबईतल्या लोकांना त्यावर 'शोभिका' हा फॉन्ट बांधता आला, संस्कृत ग्रंथ छापताना लागणाऱ्या जोडाक्षरांसह. परवानगीसाठी फाइल हलली नाही की कुणाचे उंबरे झिजले नाहीत. मुक्त स्रोत म्हणजे काय हे मला पुस्तकातून कधी नीट कळलं नव्हतं, या एका फॉन्टावरून कळलं. ओव्या असतात ना जात्यावरच्या, एकीनं म्हटली, दुसरीनं पुढची ओळ जोडली, कोणाची म्हणून विचारायला कोणी येत नाही. तसंच, फक्त इथं मूळ कोणाचं ते नाव लिहून ठेवतात.

बैठकीत मी एवढं सगळं बोललो नाही. मी एवढंच म्हटलं, पंधरा दिवस द्या, एक मशीन द्या. अध्यक्ष जुने सहकारातले, व्यवहाराला पक्के. म्हणाले, "मास्तर, दिले पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी पाकिटं परत टेबलावर."

मशीन निवडलं ७ नंबर. मुलं त्याला म्हातारी म्हणतात, कारण ते सुरू व्हायला चार मिनिटं घेतं आणि मध्ये कण्हल्यासारखा आवाज करतं. लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराची हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली. आधी काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, ही सोय मला फार आवडली. माप घेतल्याशिवाय कापड फाडायचं नाही. नेट चाललं, आवाज आला, मराठी दिसली. मग हार्ड डिस्कवर टाकली. म्हातारी आता दीड मिनिटात उठते. कण्हते अजून, तो पंख्याचा दोष आहे.

सातवीच्या मुलांना मी काहीच सांगितलं नाही. तास सुरू झाला, दोघं त्या मशीनवर बसले आणि पहिला प्रश्न आला, "सर, पेंट कुठं गेलं?" टक्स पेंट हे मुलांचं चित्रकलेचं सॉफ्टवेअर दाखवलं. त्यात शिक्के मारले की आवाज येतो हे कळल्यावर उरलेली अकरा मशीन ओस पडली. आणि आपण घाबरतो की मुलांना सवय नाही! सवय आपल्याला आहे. त्यांच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे, आणि पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेमध्ये असलेला 'परम ब्रह्म' महासंगणकही लिनक्सवरच चालतो. नववीला स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर उघडून आमच्याच गावचं त्या रात्रीचं आकाश दाखवलं. विज्ञानाच्या मॅडम तास संपल्यावरही उठेनात.

इन्स्क्रिप्टनं (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कळांची मांडणी) टाइप करणाऱ्या मुलाला कळफलक दोन्हीकडे सारखाच. लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलची कामं करणारं मुक्त सॉफ्टवेअर) गुणपत्रकाचा तक्ता उघडला, बेरजा बरोबर आल्या, दोन रकान्यांची रुंदी बिघडली. यू-डायस (शाळांची माहिती भरायची) आणि शालार्थ (पगाराची) ही संकेतस्थळं ब्राउजरवर चालतात, त्यांना खाली काय आहे याचं सोयरसुतक नाही. आणि शिकवणार कोण, असं विचाराल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. लिबरऑफिसपासून लिनक्सपर्यंत, मराठी आवाजात, साधारण दहा-दहा मिनिटांचे. मी रोज जेवणाच्या सुट्टीत एक बघतोय.

अडलं कुठं तेही लिहितो. मुख्याध्यापकांच्या डिजिटल सहीचा डोंगल लिनक्सवर मला अजून चालवता आलेला नाही. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाही. कार्यालयातला छोटा लेझर प्रिंटर तर माझ्याशी बोलायलाच तयार नाही, तीन संध्याकाळी गेल्या. म्हणून माझं म्हणणं असं नाही की सगळी विंडोज बाहेर फेका. कार्यालयातल्या एक-दोन मशीनवर ती ठेवा, पण पावती घेऊन विकत घेतलेली ठेवा. मुलांच्या लॅबमध्ये डोंगलही नाही आणि टॅलीही नाही.

जर्मनीतल्या म्युनिकचं उदाहरण कोणीतरी काढेलच, तर मीच काढतो. त्या महापालिकेनं २००३ मध्ये विंडोज सोडायचं ठरवलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी मोडून महापौरांना भेटायला गेले होते. तरी शहरानं दहा वर्षांत सुमारे १५ हजार मशीन लिनक्सवर नेली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. का? महापौर बदलले, वापरणारे कुरकुरत होते, बाकीची कार्यालयं ज्या फायली पाठवत त्या नीट उघडत नव्हत्या. यातून मी एवढंच घेतलं की वरून ठराव आला आणि खाली शिकवणारा, ऐकून घेणारा माणूस नसेल तर हे टिकत नाही. त्याच देशातलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आता सरकारी कार्यालयांतली सुमारे ३० हजार मशीन लिबरऑफिसवर नेतंय, म्हणजे म्युनिकच्या गोष्टीनं तिथंही सगळे घाबरले नाहीत.

तर विनंती. पाकिटं लगेच उघडू नका. आपल्या लॅबमधलं सगळ्यांत रडकं मशीन निवडा, त्यावर पंधरा दिवस हे करून बघा, आणि तेव्हा लॅबमध्ये येऊन बसा, अहवालावर विसंबू नका. चाललं, तर पाच लाखांऐवजी प्रत्येक मशीनला एक एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागची वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम (कामापुरती मेमरी) घाला, गावातल्याच एखाद्या हुशार पोराला वर्षाच्या देखभालीचं काम द्या. नवे संगणक घ्यावेच लागले तर दरपत्रकात मशीनची किंमत वेगळी आणि सॉफ्टवेअरची वेगळी मागा. या दोन आकड्यांची फोड मागितली की दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. ठरावाला आधार हवा असेल तर केंद्र सरकारचं २०१५ चं मुक्त स्रोत धोरण आहे. त्यात सरकारी कामासाठी मुक्त स्रोताचा विचार आधी करा, तो वगळायचा असेल तर कारण द्या, असं म्हटलंय. आपल्या संस्थांवर ते बंधनकारक नाही. पण 'कारण द्या' ही पद्धत उचलायला कोणाची मंजुरी लागत नाही.

आणि त्या आठवीतल्या मुलीला, जी आता नववीत आहे, मी ७ नंबरवर बसवलं होतं. तिनं आधी पडद्याचा उजवा कोपरा बघितला. मग माझ्याकडे. काही विचारलं नाही.

आज अकरावा दिवस आहे. प्रिंटर अजून चालत नाही. आपल्यापैकी कोणाच्या शाळेत लिनक्सवर छोटा लेझर प्रिंटर चालवून दाखवणारा कोणी असेल तर त्याला आमच्याकडे शनिवारी पाठवा. शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते, लॅबची किल्ली माझ्याकडे आहे. पोहे खायला घालू.

आपला,
एका तालुक्याच्या गावचा संगणक शिक्षक
(नेमणूक : विज्ञान)